मुलांवर नजर ठेवायचे पैसे आपणच भरतोय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही महिने पेपरात शाळांमधले कॅमेरे, चेहरा बघून हजेरी, अपार आयडी (प्रत्येक विद्यार्थ्याला देशभरासाठी दिलेला एक कायमचा क्रमांक) या सगळ्यावर बातम्या येतायत आणि बहुतेक बातम्यांचा सूर असा की चला, शाळा हायटेक झाल्या, आता पालकांना घरबसल्या सगळं कळणार. त्यावर एक पालक म्हणून लिहायचंय. पत्र लांबलंय, कापलंत तरी चालेल, फक्त शेवटचा फीचा भाग ठेवा, कारण मुद्दा तोच आहे.

मी एका खाजगी कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे कुठलीही पावती हातात आली की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे. मुलगी आठवीत, शाळा सीबीएसईची, नाव देत नाही कारण अजून काही वर्षं तिथेच काढायचीयेत. यंदाच्या पावतीत ट्यूशन फी, टर्म फी, लॅब वगैरे नेहमीचं होतंच आणि खाली एक नवीन ओळ, 'डिजिटल अँड सेफ्टी चार्जेस'. रक्कम एका घराला टोचणार नाही इतपतच, पण गुणिले अख्खी शाळा केलं की आकडा बरा होतो. खिडकीवरच्या ताईंना विचारलं हे कशाचं, तर म्हणाल्या, "मॅडम ते सॉफ्टवेअरचं आहे, कंपल्सरी आहे, सगळेच भरतायत." कुठल्या कंपनीचं, काय करतं, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांची त्यात काही चूक नाही, त्यांना कोणी सांगितलंच नसणार.

मग इकडून तिकडून जे कळलं ते असं. गेटवर कॅमेरा आहे, तो चेहरा ओळखतो आणि आपल्याला मेसेज येतो की आपला पाल्य शाळेत पोचला. बसला जीपीएस आहे. वर्गात, पॅसेजमध्ये, जिन्यात सीसीटीव्ही आहेत. आणि सहावीपासून पुढच्या मुलांना जो टॅब घ्यायला लावलाय (तोही आपल्याच पैशानी) त्यात शाळेनी टाकलेलं एक सॉफ्टवेअर आहे जे आपल्याला काढता येत नाही. मूल कुठल्या साइटवर गेलं, किती मिनिटं होतं, काय सर्च केलं, मधूनच स्क्रीनचा फोटो, सगळं वर जातं, वर म्हणजे कुठे ते विचारू नका. शाळेच्या वेळात चालू असेल तर एकवेळ समजू शकते, पण रात्री दहाला पोरगी गादीवर लोळत काहीतरी वाचत असते तेव्हाही ते चालूच असतं.

बसच्या जीपीएसबद्दल माझी काहीही तक्रार नाही, पावसाळ्यात बस गंगापूर रोडला अडकली की तेवढाच आधार असतो. गेटवर कॅमेरा असावा याबद्दलही वाद नाही. सगळ्यालाच विरोध करणारी मी नाही, हे आधीच सांगते कारण ग्रुपवर काही बोललं की लगेच "तुम्हाला मुलांची सेफ्टी नकोय का" असं ऐकून घ्यावं लागतं.

तर तो टॅब. दर शुक्रवारी त्याचा रिपोर्ट येतो, त्यात 'फोकस स्कोअर' नावाचा प्रकार, आणि शुक्रवारी संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर आमचा 81, तुमचा किती, असं सुरू होतं. मार्कांवरून होणारी तुलना वर्षातून चार-पाच वेळा तरी असायची, ही दर आठवड्याला. मध्ये आमच्या लेकीचा स्कोअर एकदम वर गेला, सासूबाई खूश, मी पण खूश, आणि मग तिनीच हसत हसत सांगितलं की विज्ञानाची पीडीएफ उघडी ठेवायची आणि अधूनमधून बोटानी वरखाली करायची, त्याला वाटतं मूल वाचतंय. अख्ख्या वर्गाला माहितीये म्हणे. पोरं हुशार आहेत, ती मार्ग काढणारच, त्याचं मला फार काही वाटलं नाही.

वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एका संध्याकाळी तिला पाळीबद्दल काहीतरी बघायचं होतं, टॅब समोर होता, तो तिनी उलटा ठेवला आणि माझा फोन मागितला. म्हटलं का ग, टॅब आहे ना. तर म्हणाली, "नको, ते सर बघतात." कुठले सर? माहीत नाही, कॉम्प्युटरचे असतील. खरंच कोणी बघतं का हे तिलाही माहीत नाही, मलाही नाही, पण कोणीतरी पुरुष माणूस आपलं सगळं बघतोय असं धरून तेरा वर्षांची मुलगी स्वतःच्या घरात बसलीये. तिच्याकडे निदान मागायला माझा फोन होता. ज्या घरात आईकडे साधा फोन आहे किंवा आईला विचारायची सोयच नाही, तिथली मुलगी काय करेल? ती शोधणारच नाही. आणि शाळेच्या रिपोर्टमध्ये तिचा स्कोअर उत्तम येईल.

शाळेच्या ऑफिसातली आणखी एक गोष्ट. फी भरायच्या रांगेत उभं राहिलं की समोर भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर वर्गांचे चौकोन चौकोन दिसतात. बहुतेक पालकांना दिसावं म्हणूनच लावलाय, बघा आमची शाळा किती सेफ. मी पाचवी ब चा वर्ग बघत उभी होते, एक मुलगा बाकावर डोकं ठेवून झोपला होता, बाई त्याच्याजवळ जाऊन पाठीवर हात ठेवून काहीतरी विचारत होत्या. माझ्या मागे कुरियरवाला, त्याच्या मागे युनिफॉर्मचा सप्लायर, सगळे तेच बघतोय. त्या मुलाच्या आईबापांना कोणी विचारलं होतं का, की तुमचा मुलगा आजारी असेल तर तो रांगेतल्या लोकांना दाखवू का? दिल्लीत 2019 साली तर सरकारनीच शाळांमधल्या वर्गांचं लाइव्ह चित्रण पालकांच्या मोबाइलवर द्यायची योजना आणली होती. ऐकायला किती छान, पण माझ्या मोबाइलवर माझं मूल दिसतं तेव्हा त्याच्या शेजारी बसलेली चाळीस मुलंही दिसतात आणि ती माझी नाहीत, हे तेव्हा फारसं कोणाच्या लक्षातच येत नव्हतं, कोर्टात गेले ते काही पालक आणि शिक्षक.

आता यावर उत्तर एकच मिळतं, बदलापूर. आणि ते उत्तर खोटं नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं जे उघड झालं त्यानंतर कुठल्या आईला झोप लागली असेल. त्यानंतर लगेच शासन निर्णय निघाला, महिन्याभरात सगळ्या शाळांत सीसीटीव्ही लावा नाहीतर अनुदान थांबेल, मान्यता जाईल, आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा फुटेज तपासा. पण त्याच बदलापूरच्या प्रकरणात शाळेतलं पंधरा दिवसांचं फुटेज गायब असल्याचं तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं होतं, हे आपण विसरलो. कॅमेरा होता, रेकॉर्डिंग कोणाच्या ताब्यात होतं, कोण बघत होतं, कोणी पुसलं, याला धरबंद नव्हता. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय असा कारभार असेल तिथे आणखी दहा कॅमेरे लावून दळण फक्त वाढतं. लहान मुलींच्या स्वच्छतागृहापाशी बाई कर्मचारी असणं, माणसं कामावर घेताना पोलीस पडताळणी, आणि पोरीनी घरी येऊन सांगितलं तर त्याच दिवशी तक्रार घेणं, या तीन गोष्टींना सॉफ्टवेअर लागत नाही, पगार लागतो. म्हणून त्या मागे पडतात आणि कॅमेरा पुढे येतो, कारण कॅमेरा दाखवता येतो.

त्यात 2025 च्या जुलैत सीबीएसईनी नियम बदलून सांगितलं की शाळेत सगळीकडे, म्हणजे वर्ग, लॅब, लायब्ररी, कँटीन, मैदान, फक्त स्वच्छतागृहं सोडून, हाय रिझोल्युशन कॅमेरे हवेत आणि ते ऑडिओसकट. किमान 15 दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायचं. ऑडिओ हा शब्द बहुतेक पालकांनी वाचलाच नाही. चित्रावरून मारामारी, छळ कळतो, ठीक आहे. पण डबा खाताना दोन मुली आपापसात काय बोलतात, एखादा मुलगा बाईंना हळूच सांगतो की बाबा रात्री आईला मारतात, हे आता रेकॉर्ड होणार, आणि ते कोण ऐकू शकतं याची यादी मला तरी कोणी दाखवलेली नाही. शिक्षकांना विचारा ना. आमच्या ओळखीतल्या एक बाई म्हणाल्या, पूर्वी मूल रडलं की वर्गातच जवळ घेऊन विचारायचो, आता जिन्याखाली नेऊन विचारावं लागतं. जिन्यातही कॅमेरा आलाय हे मी त्यांना सांगितलं नाही.

"लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला" हे वाक्य आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला येतं. ज्यांना ते पटतं त्यांनी अमेरिकेतल्या लोअर मेरियनची हकीकत जरूर वाचावी. फिलाडेल्फियाजवळचा श्रीमंत भाग, तिथल्या सरकारी शाळांनी साधारण 2,300 विद्यार्थ्यांना घरी न्यायला लॅपटॉप दिले. लॅपटॉप चोरीला गेला तर सापडावा म्हणून त्यात एक सॉफ्टवेअर होतं, ते चालू केलं की दर पंधरा मिनिटांनी कॅमेऱ्यातून फोटो आणि स्क्रीनचा फोटो शाळेकडे जायचा. पालकांना हे सांगितलेलंच नव्हतं. 2009 च्या नोव्हेंबरात एका मुलाला उपमुख्याध्यापिकेनी बोलावून घेतलं आणि तू घरी काहीतरी गैर करतोयस म्हणून त्याच्या बेडरूममधला फोटो समोर ठेवला. हातात गोळ्या दिसत होत्या. मुलाचं म्हणणं, त्या लिमलेटसारख्या खायच्या गोळ्या होत्या. म्हणजे साप समजून भुई धोपटली, पण तेवढ्यासाठी त्यांनी पोराच्या झोपायच्या खोलीत कॅमेरा चालवला होता.

2010 च्या फेब्रुवारीत त्याच्या घरच्यांनी कोर्टात केस केली, मग चौकशीत निघालं की असे पन्नास हजारांहून जास्त फोटो शाळेच्या सर्व्हरवर पडलेले होते, काही मुलांचे झोपेतले, काहींचे अर्धवट कपड्यातले. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट, त्या मुलाचा लॅपटॉप चोरीला गेलेलाच नव्हता. विम्याची 55 डॉलर फी भरलेली नव्हती आणि तरी तो घरी नेला, म्हणून ते चालू केलं आणि मग बंद करायचं राहून गेलं. फी थकली म्हणून मुलाच्या खोलीत डोळा! चौकशीत असंही म्हटलं की मुद्दाम हेरगिरी करायची म्हणून कोणी केलेलं नाही, गुन्हाही दाखल झाला नाही. शेवटी 6 लाख 10 हजार डॉलर देऊन मिटवलं. वाईट माणूस कोणी नव्हता, फक्त बटण हातात होतं आणि कोणी विचारणारं नव्हतं, एवढ्यावर हे सगळं झालं.

लॉकडाऊनमध्ये आपणही हे थोडं चाखलंय. ऑनलाइन परीक्षेला कॅमेरा चालू, काहींना आधी अख्खी खोली फिरवून दाखवायला लावायचे, मागे वाळत घातलेले कपडे, झोपलेले आजोबा, सगळं. तेव्हा कोणी काही बोललं नाही, परीक्षा महत्त्वाची. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानी त्यावरून केस केली आणि 2022 साली न्यायाधीशांनी सांगितलं की असं खोली दाखवायला लावणं म्हणजे घराची झडतीच आहे आणि ती घटनेत बसत नाही.

आता जमा झालेल्या माहितीचं पुढे काय होतं ते बघा. गावाकडे माझ्या भाच्याच्या बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत, ते दीक्षा ॲपचे, केंद्र सरकारचं ॲप, कोट्यवधी मुलांनी वापरलेलं. 2023 च्या जानेवारीत उघड झालं की त्यातली दहा लाखांहून जास्त शिक्षकांची आणि जवळपास सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती कुलूप न लावलेल्या सर्व्हरवर वर्षभराहून जास्त पडून होती, कोणीही जाऊन उचलावी. सरकारचं हे, मग आमच्या शाळेनी घेतलेल्या कुठल्याशा कंपनीचं काय असेल. आणि मोठ्या कंपनीनी तरी काय दिवे लावले? अमेरिका-कॅनडातल्या हजारो शाळा विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवायला ज्या पॉवरस्कूल कंपनीचं सॉफ्टवेअर वापरतात त्यावर 2024 च्या डिसेंबरात डल्ला पडला, करणारा निघाला एकोणीस वर्षांचा कॉलेजचा पोरगा. कंपनीनी खंडणी भरली, चोरांनी माहिती पुसली म्हणून सांगितलं, आणि काही महिन्यांनी त्याच माहितीवरून शाळांना पुन्हा धमक्या आल्या. टोरांटोच्या शाळांची तर 1985 पासूनची माहिती त्यात होती. 1985! म्हणजे माझ्या वयाच्या माणसाची बालवर्गातली नोंद. शाळा सोडल्याचा दाखला हातात दिला, पण नोंद कोणी सोडलीच नाही. अकाउंट्समध्ये आम्ही सुद्धा ठरावीक वर्षांनी जुनी व्हाउचर फाडतो हो.

मग आपला कायदा काय म्हणतो? 2017 साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानी सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, त्यात अठरा वर्षांखालचे सोडून असं कुठेही लिहिलेलं नाही. 2023 ला डेटा संरक्षणाचा कायदा आला. त्याचं कलम 9 वाचून मी खूश झाले होते, अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला आईबापांची खात्रीशीर संमती हवी, मुलांचा माग काढायचा नाही, वागण्यावर पाळत ठेवायची नाही, मोडलं तर दंड 200 कोटींपर्यंत. मग 2025 च्या नोव्हेंबरात नियम आले आणि त्यातल्या चौथ्या परिशिष्टात शैक्षणिक संस्थांना यातूनच सूट. शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षेसाठी असेल तर शाळा माग काढू शकते, पाळतही ठेवू शकते आणि त्यासाठी पालकांची ती खास संमतीही लागत नाही. आता मला सांगा, शाळेत जे काही होतं ते शैक्षणिक कामासाठी किंवा सुरक्षेसाठी नाही असं कुठलं मॅनेजमेंट म्हणणार आहे? शुक्रवारचा फोकस स्कोअरही शैक्षणिकच की. बाकीची कलमं, म्हणजे माहिती सुरक्षित ठेवा, काम झालं की पुसून टाका, ही शाळांनाही लागू आहेत, पण ती सुद्धा नियम आल्यापासून दीड वर्षानी, म्हणजे 2027 च्या मे महिन्यापासून. तोपर्यंत आमची पोरगी नववी संपवून दहावीच्या क्लासला लागलेली असेल.

काहीजण म्हणतील संमतीपत्रावर सही तुम्हीच केलीये. केलीये ना. ॲडमिशनच्या दिवशी वीसेक कागद पुढे येतात, खाली फुली मारलेली असते तिथे सही करायची, आणि नाही केली तर ॲडमिशन नाही हे न सांगताच कळतं. अपारचा फॉर्म पण ऐच्छिक आहे म्हणतात, पण वर्गशिक्षिकेचे रोज मेसेज की तुमच्या पाल्याचाच राहिलाय, मूल हिरमुसून घरी येतं, काय ऐच्छिक त्यात. स्वीडनमध्ये स्केलेफ्तिओ नावाच्या गावच्या शाळेनी 22 मुलांची हजेरी चेहरा ओळखून घ्यायचा प्रयोग तीन आठवडे केला, पालकांची संमती घेऊन केला, तरी 2019 साली त्यांच्या डेटा प्राधिकरणानी 2 लाख क्रोनर दंड केला. कारण हेच, की शाळा आणि पालक एका पातळीवर नसतात, तिथली संमती ही मोकळी संमती नाही, आणि हजेरी घ्यायला चेहरा लागत नाही. हजेरी घ्यायला बाई नाव पुकारतात आणि मूल 'हजर' म्हणतं, इतकं सोपं आहे ते.

तर आता तो फीचा भाग. डेटाचा कायदा लागू व्हायला वेळ आहे आणि लागू झाला तरी शाळेला मोठी सूट आहे, पण महाराष्ट्रात आपल्या हातात एक जुना कायदा आहे जो या कामाला कोणी वापरत नाही, 2011 चा शुल्क विनियमन कायदा. खाजगी शाळा कुठल्याही बोर्डाची असो, फीचा प्रस्ताव शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो, तोही पुढचं शैक्षणिक वर्ष सुरू व्हायच्या किमान सहा महिने आधी, आणि संबंधित कागदपत्रांसकट. समितीवर पालक सोडतीनी निवडायचे असतात, मॅनेजमेंटच्या मर्जीतले बसवायचे नसतात. म्हणजे 'डिजिटल अँड सेफ्टी चार्जेस' ही ओळ जर फीमध्ये आहे तर ती कशासाठी, कोणाला, किती दिली जाते हे समितीला विचारता येतं आणि त्याचा कागद मागता येतो. प्रायव्हसीवर बोलायला गेलं की आपल्याला वकील व्हावं लागतं, पण बिल मागायला फक्त फी भरणारा असावं लागतं.

कागद आला की त्यात काय बघायचं ते मी आमच्या समितीवरच्या आठवीच्या पालकांना लिहून दिलंय. कंपनीचं नाव आणि तिचा करार, त्यात माहिती कोणाच्या मालकीची लिहिलीये, ती कुठे साठवतात, शाळेतल्या कुठल्या कुठल्या माणसाकडे पासवर्ड आहे नावानिशी, फुटेज किती दिवसांनी पुसतात आणि पुसल्याची नोंद कोण ठेवतं, मूल शाळा सोडून गेलं की त्याचं काय करतात, टॅबवरचं सॉफ्टवेअर शाळेच्या वेळेनंतर बंद करता येतं का आणि येत असेल तर आजपर्यंत का केलं नाही, चेहऱ्याऐवजी साधं ओळखपत्र दाखवायची सोय आहे का, आणि ऑफिसातला टीव्ही भिंतीकडे तोंड करून का लावता येत नाही. यातल्या शेवटच्या प्रश्नाला एक पैसाही खर्च नाही.

मुख्याध्यापकांना हेच मी आधी एकदा मेलवर विचारलं होतं. "आपल्या पाल्याची सुरक्षा ही आमची सर्वोच्च प्राथमिकता आहे" असं एका ओळीचं उत्तर आलं, तेही बहुतेक सॉफ्टवेअरनीच पाठवलेलं. म्हणून या वेळी कागदावर दिलं आणि आवक-जावकवर शिक्का मारून पोच घेतली. नवऱ्याचं म्हणणं, उगाच मुलीला त्रास होईल, आणि ती भीती मला नाही असं नाही, शाळेशी भांडून पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार. पण आम्ही आठ-दहा पालक झालोय आता, त्यात दोन शिक्षकही आहेत जे उघड बोलू शकत नाहीत.

समितीची सभा पुढच्या महिन्यात आहे. संपादक साहेब, तुमच्याकडे एकच विनंती, नाशिकमधल्या किंवा बाहेरच्या कुठल्याही शाळेत कोणा पालकानी असा सॉफ्टवेअर कंपनीचा करार प्रत्यक्ष डोळ्यांनी बघितला असेल तर त्यांनी याच सदरात लिहावं, म्हणजे आम्हाला सभेत निदान नमुना तरी दाखवता येईल. आणि शिक्षण उपसंचालक कार्यालयातून कोणी हे वाचत असेल तर फी प्रस्तावासोबत हे करार जोडणं सक्तीचं आहे की नाही एवढं त्यांनी लेखी कळवावं.

कळावे,
आपली
एक पालक, नाशिक

(नाव व पत्ता आपल्याकडे दिलेला आहे, मुलगी त्याच शाळेत असल्याने कृपया छापू नये.)